लोखंडाचं ताक

दोन हजार बावीस साल. कालव्याचं पाणी आमच्या वस्तीच्या ओढ्याला येऊन तिसरा उन्हाळा लागला होता आणि माळावरची माणसं उन्हाळी भुईमूग करायला शिकली होती. माझ्या भावाची, अर्जुनाची, मेंढरं ठेवायची की विकायची, हे त्या साली आमच्या घरात ठरायचं होतं.

आमची वस्ती आटपाडीच्या दक्षिणेला. दहा-बारा घरं, एक बिरोबाचं देऊळ आणि चहूकडं पांढरट माळ. खुरप्यानं दोन विती उकरलं की खाली चुनखडी लागते. मी लवकर विधवा होऊन माहेरी आले ती इथंच राहिले. सातवीपर्यंत शिकले होते म्हणून पुढं वीस वर्षं बालवाडी चालवली. अर्जुना माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, म्हणजे तेव्हा पासष्टीच्या पुढंमागं. त्याची बायको आधीच गेली होती. मुलगा राजवर्धन बारावी करून केरळात गलाईच्या दुकानात होता. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकून सोनं वेगळं करायचं, असलं काम. आमच्याकडची निम्मी तरणी पोरं त्याच कामाला जातात. करोनात दुकान बंद पडलं तेव्हा तो बायकोला, अपेक्षाला, घेऊन परत आला आणि मग गेलाच नाही. अपेक्षा औंधाकडची. यमाईच्या डोंगराखालच्या गावात वाढलेली, हाताला चपळ आणि तोंडानं थोडी.

आमच्या लहानपणी दिवाळी झाली की आमचा बाप बिऱ्हाड घोड्यावर लादायचा आणि आम्ही मेंढरांमागं चालत पश्चिमेला निघायचो. कऱ्हाड, सातारा, वाईपर्यंत. तिकडचे बागायतदार वाट बघत असायचे. आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात वाघर, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, ठोकून मेंढरं बसवायची. रात्रभर लेंड्या पडायच्या, मेंढरं मुतायची, सकाळी रान काळं दिसायचं. बदल्यात ज्वारी मिळायची, कधी गूळ. वाईच्या एका म्हातारीनं मला परकर शिवून दिला होता, तो निळा रंग मला अजून आठवतो. पुढं अर्जुनानंही तेच केलं. सगळ्या कृष्णाकाठची रानं आमच्या मेंढरांनी पिकवली आणि आमचा माळ मात्र होता तसाच राहिला, कारण थंडीच्या दिवसांत मेंढरं कधी घरी नसायचीच.

बावीस साल लागायच्या आधी, दिवाळीतच अर्जुनाचा उजवा गुडघा सुजला. लांबच्या चराईला जाणं थांबलं. चाळीसएक मेंढरं वस्तीभोवतीच फिरू लागली. राजवर्धनला काळजी वाटायची आणि ती तो रागानं बोलून दाखवायचा. मेंढक्या मिळत नाही, लांडगा येतो, बाप लंगडत माळानं हिंडतो आणि लोक लेकाला बोलतात. एका संध्याकाळी जेवताना त्यानं सांगून टाकलं की उन्हाळा संपला की मेंढरं आटपाडीच्या बाजारात नेऊ आणि सगळं ध्यान रानावर देऊ.

अर्जुनानं भाकरीचा तुकडा कालवणात फिरवला. मग म्हणाला, "रानावर ध्यान म्हंजी काय करनार? पोती आननार?"

"मग? खत घातल्याबिगर येतंय व्हय?"

"खत घरात चालतंय फिरतंय की रं. तुला दिसंना त्याला मी काय करू?"

अशी ती पैज लागली. विहिरीजवळचा एक एकर, मधून पाण्याचा पाट. पाटाच्या अलीकडं अर्जुना आपलं घरचं खत घालणार, पलीकडं राजवर्धन दुकानातलं. बी एकच, पेरणी एकाच दिवशी, पाणी सारखं. ज्याच्या शेंगा वजनाला जास्त भरतील त्याचं खरं. अर्जुनाच्या भरल्या तर मेंढरं राहतील, राजवर्धनच्या भरल्या तर जातील. बिरोबाच्या देवळापुढं हरिबाच्या साक्षीनं हे ठरलं. हरिबा आमचा मावसभाऊ, अर्जुनाच्याच वयाचा. त्याला साक्षीला ठेवलं की गोष्ट सगळ्या वस्तीला कळते, वेगळी दवंडी लागत नाही.

पौषात अर्जुनानं आपल्या भागात वाघर ठोकली. रोज जागा थोडी थोडी सरकवत त्यानं सगळा तुकडा मेंढरांखालून काढला. थंडी मरणाची होती. तो घोंगडं घेऊन तिथंच निजायचा आणि सकाळी त्याचा गुडघा सरळ होईना. मी बिब्बा घालून तेल कढवून द्यायचे. पण चेहरा बघावा तर पंचवीस वर्षांनी तरणा झालेला. स्वतःच्या रानात स्वतःची मेंढरं तो जन्मात पहिल्यांदा बसवत होता.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याला वाटलं, तयार खताच्या पोत्यात जे जे असतं ते ते आपल्या खतातही पाहिजे. आमच्या लोकांचा राखेवर फार जीव. कोकराची नाळ तोडली की राख, मेंढराला जखम झाली की राख, गोचीड झाले तरी राख. पुन्हा अपेक्षाच्या मोबाइलवर कुणी सांगत होतं की राखेत पालाश असतं आणि अंड्याच्या टरफलात चुना. सासरा आणि सून दोघं एकमताचे झाले, म्हणजे आता कोण अडवणार. अर्जुना पाटी घेऊन घरोघर राख मागत फिरला. अंबूबाई, वस्तीतली माझ्याबरोबरीची, जिभेला हाड नसलेली, दारातूनच म्हणाली, "आर्जुना, संसाराला इटून गोसावी झालास का काय? राख फासायची आसंल तर आंगाला फास, रानाला कशापायी?" तो हसला आणि तिची चूल साफ करून घेऊन आला.

अपेक्षा ढाब्यावरून टरफलं आणायची आणि पाट्यावर वाटायची. विहिरीतून निघालेल्या चुनखडीचा ढीग पडून होता. तो हाडासारखा पांढरा म्हणून त्यात हाडाचं बळ असणार, असं अर्जुनाचं गणित. ती चुनखडी हातोड्यानं फोडून त्यानं तिचं पीठ केलं. आम्हा तिघांचे केस, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मलाही त्या दिवसांत करमत होतं हे खरं. घरात पुष्कळ दिवसांनी एकाच कामाभोवती सगळे बसलो होतो. राजवर्धन येता जाता बघायचा आणि विचारायचा, "आत्ती, भिताडाला गिलावा करायचाय का रानाला?"

ते सगळं अर्जुनाच्या भागात विस्कटलं आणि माघात पेरणी झाली. उगवण दोन्हीकडं छान झाली, उलट अर्जुनाच्या भागातले कोंब जास्त जाड होते. तो रोज सकाळी पाटावर उभा राहून तंबाखू मळायचा. तिसरं पाणी दिलं आणि त्यानंतर चार-सहा दिवसांत त्याच्या भागाचा रंग फिरला. आधी शेंड्याची पानं फिकी झाली, मग पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळदीसारखं. पाटाच्या पलीकडं राजवर्धनचं रान हिरवंगार, अलीकडं पिवळं. मधला पाट म्हणजे जणू साडीचा काठ.

हरिबा बघायला आला. पाटावर उभा राहून त्यानं डोळ्यांवर हात धरला. "आर्जुना, बिरोबाचा भंडारा लय उधळलास गड्या. देव पावला असंल."

 त्या दिवसापासून अर्जुना रानात जायचा तो वस्तीच्या मागच्या ओघळीनं, कुणाला दिसणार नाही असा. ताटात भाकरी तशीच राहायची. मेंढरं चारून आला की कोपऱ्यात घोंगडं पांघरून बसायचा. मी म्हटलं, रोग आहे, विचारून ये कुणाला तरी. तेव्हा तो चार रोपं पटक्यात गुंडाळून आटपाडीला गेला.

दुकानदारानं रोपं उलटीपालटी करून बघितली आणि रानात काय काय घातलं ते विचारलं. अर्जुनानं सांगितलं. दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती. दुकानदार वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही हसू आवरलं नाही. तो म्हणाला, "मामा, मिठाच्या गोणीवर मीठ शिंपडलंसा की. आपली माती मुळात चुन्याची, त्यात तुमी चुना आन् राख घातली. आता झाडाला लोह उचलता येईना. हिराकस मारा, त्यात लोह आसतं, हिरवं हुईल." त्यानं पुडाही काढून पुढं ठेवला. अर्जुनानं तो हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. दुकानातलं घेतलं तर पैज कसली राहिली? तो एस्टीनं परत आला, पटक्यातली रोपं तशीच. त्यानं मला सगळं सांगितलं ते भिंतीकडं तोंड करून.

राजवर्धनला हे संध्याकाळी कळलं. तो जिंकत होता, त्याला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्या दिवशी तो मोटार सुरू करायला गेला आणि बापाच्या भागाकडं बघायचं टाळून आला, हे मी ओट्यावरून बघितलं.

दोन-तीन दिवसांनी अपेक्षानं मला हाताला धरून रानात नेलं. हौदाच्या कोपऱ्याजवळ, अर्जुनाच्याच भागात, दोन सऱ्यांचं टोक हिरवं होतं. पिवळ्या लुगड्याला हिरवं ठिगळ लावल्यासारखं. पाणी तेच, राख तीच, चुनखडी तीच. मग हे हिरवं कसं? आम्ही दोघी तिथं बसून डोकं खाजवत राहिलो. शेवटी तिलाच आठवलं. आमच्या दोन म्हशी, ताक भरपूर. आंबलेलं ताक ती हौदाजवळ एका गंजलेल्या लोखंडी घमेल्यात ओतून ठेवायची, तांब्याचे हंडे घासायला. घासून झाले की उरलेलं सुरवातीपासून त्याच दोन सऱ्यांच्या टोकाला टाकायची.

तिनं नवऱ्याला बोलावलं. राजवर्धन उकिडवा बसला. त्यानं घमेल्याच्या बुडाला बोट फिरवलं, बोट तांबडं-काळं झालं. ते त्यानं नाकाशी नेलं. इतक्यात मेंढरं घेऊन अर्जुना आला आणि काठीवर रेलून उभा राहिला. बाप-लेक कितीतरी दिवसांनी एका जागी होते. राजवर्धन बोटाकडंच बघत म्हणाला,

"आंबट धातूला खातं, आप्पा. आमच्या भट्टीवर तेजाब खायाचं, हितं ताक खातंय. तेजाबाला घटका लागती, ताकाला आठ-पंधरा दिस लागतील. पर खाईल."

अर्जुनानं विचारलं, "म्हंजी लोखंड ताकात उतरलं?"

"उतरलं. आन् झाडाच्या तोंडात गेलं."

"मग तू कशापायी सांगतूयास मला? तुजं रान हिरवं हाय की."

राजवर्धन उठला, बोट विजारीला पुसलं आणि निघून गेला. रात्री मात्र त्यानं स्वतः निळा प्लास्टिकचा पिंप धुऊन लिंबाखाली आणून ठेवला.

मग वस्तीत लोखंड गोळा करणं सुरू झालं. मोडका फाळ, घोड्याचे जुने नाल, बोथट झालेली लोकर कातरायची कात्री, बैलगाडीच्या धावेचा तुकडा. कोंडीबा लोहाराच्या ऐरणीखाली पडलेले काळे पापुद्रे अर्जुनानं झाडून आणले. पिंपात लोखंड पडलं, वर ताक. घरातलं ताक पुरेना. अर्जुना शेजारी मागायला जाऊ लागला, पण राखेच्या वेळचं हसं त्याच्या मनात होतं, म्हणून किटली घोंगड्याखाली धरून जायचा. ताकाला जाऊन गाडगं लपवणं मी तोवर नुसतं ऐकलं होतं, ते माझ्या भावानं करून दाखवलं. अंबूबाईनं घोंगडं उचलूनच बघितलं आणि किटली काठोकाठ भरून दिली. वर म्हणाली, राख दिली ती वाया घालवलीस, ताक तरी नीट वापर.

पिंपाला वास असा सुटला की कुत्रं लिंबाखालून उठून गेलं. वर बुरशीची जाड साय धरली. खाली ताक आधी राखाडी, मग निळसर काळं झालं. रोज सकाळी अर्जुना काठीनं ढवळायचा आणि काठी बाहेर काढून उजेडात धरायचा. घरात ताकाचा थेंब राहिला नव्हता. भाकरी चटणीशी खायची आणि वर पाणी प्यायचं. कुरकुर फक्त माझीच होती.

पंधरा दिवसांनी जुन्या धोतरातून ते गाळलं. फवारायचा पंप राजवर्धनचाच. त्यानं तो न मागता भरून बापाच्या पाठीवर चढवला आणि पट्टे आवळले. पहिल्या सरीला जास्त कडक झालं, पानांच्या कडा करपल्या. अपेक्षानं मग दुप्पट पाणी घातलं. तोटी दर दहा पावलांवर तुंबायची आणि अर्जुना ती तोंडानं फुंकायचा. फवारणी संपली तेव्हा त्याच्या मिशा, पटका, सगळं आंबलं होतं. मेंढरंसुद्धा त्याला हुंगून मागं सरली.

पिवळी पानं पिवळीच राहिली. पण आठवड्यानं शेंड्यातून जे नवं पान आलं ते हिरवं होतं. दुसरी फवारणी केली. तिसरीपर्यंत लांबून बघणाऱ्याला रान हिरवं दिसू लागलं. हरिबाला पंप कुणाचा होता ते कळल्यावर त्यानं देवळापुढं तक्रार मांडली, की बाप-ल्योक एकाच अंगानं खेळाय लागल्यावर साक्षीदार काय भाकरीचं उंडं वळाय ठेवलाय का? तरी त्यालाही खरं काय ते दिसत होतं. अर्जुनाचं पीक महिनाभर मागं पडलं होतं. झाडं बुटकी, मधून मधून मोकळी जागा. पलीकडं राजवर्धनची झाडं गुडघ्याला लागत होती. फुलं गळून आऱ्या, म्हणजे ज्यांच्या टोकाला शेंग धरते त्या दांड्या, जमिनीत शिरायला लागल्या तेव्हा दोन्हीकडचा फरक आंधळ्यानंही सांगितला असता.

अर्जुनाला तो कळत होता. वैशाखात एका सकाळी त्यानं मेंढरं धुतली आणि लोकर कातरायला बसला. कातरायचे दिवस नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, बाजारात मळकी न्यायची नाहीत, लोक म्हणतील धनगराला जड झाली होती. एकेक मेंढरू मांडीखाली घ्यायचा, कात्री चालवायचा आणि सोडताना पाठीवरून हात फिरवायचा. नावं घेत नव्हता. एरवी तो प्रत्येकीशी नावानं बोलतो.

काढणीच्या तोंडावर कालव्याचं आवर्तन लवकर बंद झालं. शेवटचं पाणी मिळालं नाही आणि ऊन असं की रान आठ दिवसांत आवळलं.

आमच्याकडं शेंगा काढायला बायका रोजानं येत नाहीत, वाट्यानं येतात. झाड उपटायचं, शेंगा तोडायच्या, दहा पाट्या मालकाच्या ढिगावर टाकल्या की अकरावी आपली. ज्या दिवशी काढणी त्या दिवशी उजाडायच्या आत बायका येऊन जागा धरतात. अंबूबाईच्या मागं वीसएक जणी आल्या आणि सगळ्या सरळ राजवर्धनच्या भागात शिरल्या. दाट झाडं, जास्त शेंगा, हे सांगायला लागत नाही. राजवर्धन पाटावर उभा होता. अर्जुना आपल्या भागाच्या बांधावर एकटाच बसला होता.

बायकांनी झाडं धरून ओढली. झाडं आली, पण शेंगा खालीच राहिल्या. युरियावर वाढलेलं, शेणखताचं तोंड न बघितलेलं ते रान वाळून विटेसारखं झालं होतं. आऱ्या तटातट तुटायच्या आणि हातात नुसता पाला. बायकांनी खुरपी काढली, ढेकळं फोडली. दोन तासांत पाटीचं बूडही झाकलं नाही. कुणाचं नख उलटलं, कुणाच्या तळहाताला फोड आला.

अंबूबाई उठली. लुगडं झाडलं आणि पाट ओलांडून अलीकडं आली. अर्जुनाकडं बघितलंही नाही. एक बुटकं झाड धरून तिनं हिसका दिला. झाड मुळासकट वर आलं, माती भुसभुशीत, झडून खाली पडली, आणि खाली पंधरा-वीस भरलेल्या, पांढऱ्याशुभ्र शेंगा लोंबत राहिल्या. तिनं ते झाड हातात धरून हलवलं. मग तिथंच बैठक मारली.

राजवर्धन म्हणाला, "म्हातारे, हिकडं सोडून तिकडं का?"

"वाट्याचं काम हाय बाबा, रोजाचं न्हवं. तुज्या रानात मी बोटं मोडू का पाट्या भरू?"

तिच्यामागून दोघी आल्या. मग चौघी. न्याहारीच्या वेळेपर्यंत पाटापलीकडं एकही बाई उरली नाही. अर्जुनाच्या रानात त्या दाटीवाटीनं बसल्या होत्या, एकमेकींच्या सरीवरून भांडत होत्या आणि शेंगांचे ढीग चढत होते. मेंढरांनी जमीन अशी केली होती की ओढायला जोरच लागत नव्हता. अपेक्षा पाट्या मोजत पळत होती. अर्जुना उठून उभा राहिला होता आणि काय करावं हे न कळून सगळ्यांना पाणी वाढत फिरत होता.

दिवस मावळायच्या आत त्याचा भाग संपला. बायका वाटा घेऊन गेल्या आणि राजवर्धनच्या भागाला दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. निरोप धाडले. एकीचा हात दुखत होता, एकीकडं पाहुणे आले होते.

म्हणून ते रान आम्ही घरच्यांनी काढलं. राजवर्धन कुदळीनं जमीन फोडायचा, अपेक्षा आणि मी ढेकळं चाळायचो. एक दिवस असा गेल्यावर अर्जुना मेंढरं हरिबाच्या सुनेवर सोपवून आला, लेकाच्या हातातली कुदळ घेतली आणि गुडघा लांब करून बसल्या बसल्या खणू लागला.  उन्हानं पाठी सोलत होत्या. आठवडा गेला त्यात.

मग हरिबा वजनकाटा घेऊन आला. साक्षीदार तो. त्यानं आधी अर्जुनाचा माल घातला, बायकांचा वाटा हिशोबात धरून, मग राजवर्धनचा. सगळं खणून, चाळून, वेचून काढल्यावर राजवर्धनचा माल जास्त भरला. फार नाही, दोन पोत्यांनी.

हरिबानं पटका काढून घाम पुसला. त्यालाही ते सांगणं जड गेलं. अर्जुना मात्र शांत होता. तो म्हणाला, "ठरलं म्हंजी ठरलं. येत्या बाजाराला नेऊ."

राजवर्धन काट्याजवळ बसला होता. त्याच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या. त्यानं त्या दातांनी सोडायला सुरुवात केली आणि मान वर न करता बोलला.

"काट्यावर माजं जास्त हाय. पर आप्पा, माज्या रानात एक बाई बसंना. पुढल्या साली मी कुनाच्या हातानं काढू?"

त्यानं सुटलेली चिंधी बाजूला टाकली.

"ह्या पौषात मेंढरं माज्या अंगाला बसवा. पाटाच्या पलीकडं. पयल्यांदा तिकडं."

अर्जुनानं लेकाच्या सोललेल्या तळहातांकडं बघितलं. मग म्हणाला, "राख न्हाई टाकायची."

"न्हाई टाकायची," राजवर्धन म्हणाला.

हरिबा काटा उचलून निघाला. जाता जाता म्हणाला की आसली पैज त्यानं जन्मात बघितली न्हवती, हरला त्यानंच जित्राबं राखली आन् जिकला त्यानंच हात फोडून घेतलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. मेंढरं गेली नाहीत. त्या पौषात ती पाटापलीकडं बसली आणि नंतर आलटून पालटून सगळ्या रानात बसू लागली. राजवर्धन दुकानातलं खत अजून आणतो, पण निम्मं. लेंडीखत आणि पोतं मिळून जे पीक येतं ते दोन्हींपैकी एकट्यानं येत नाही, असं तो सांगतो. चराईला त्यानं शेरेवाडीकडचा एक मेंढक्या ठेवला आहे. मेंढरं साठाच्या वर गेली.

अपेक्षाच्या लिंबाखाली आता तीन पिंप आहेत. पाहुण्यारावळ्यांच्या बायका कॅन भरून नेतात. ज्यांच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, त्यांना गुण येतो. बाकीच्यांना येत नाही, आणि ती तसं आधीच सांगते. तिला मुलगी झाली, सृष्टी नाव ठेवलं. हरिबा गेल्या साली अर्जुनाकडं आला आणि माझ्या रानात चार रात्री मेंढरं बसवशील का म्हणून विचारू लागला. अर्जुनानं ज्वारीची पाटी आधी मागून घेतली. वाईच्या लोकांकडून घ्यायचो तशी. कोंडीबाचा भाता बंद पडला, तो लेकाकडं सांगलीला गेला, पण जाताना ऐरणीखालचं सगळं झाडून अर्जुनाच्या नावानं पोत्यात बांधून ठेवून गेला. अंबूबाई परवाच्या उन्हाळ्यात वारली. शेवटच्या काढणीलाही ती आली होती आणि सगळ्यांत आधी जागा धरून बसली होती.

अर्जुनाचा गुडघा बरा व्हायचा नाही. तो दारातल्या बाजेवर बसून मेंढरं येताना मोजतो आणि एखादी कमी वाटली की पुन्हा मोजतो. म्हशी तीन झाल्या आहेत, तरी दुपारच्या भाकरीला ताक मागावं तर अपेक्षा आधी पिंपाकडं बघते.